कोतोचा तास

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर कॉम्प्युटरला हात लावायला बंदी होती. आता सगळं छान दिसतंय, तेव्हा काळजी नसावी.

गेल्या वर्षी आम्ही दोघं अडीच महिने लेकाकडे टोकियोला राहून आलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, फुजी पाहिला का, बुलेट ट्रेनमध्ये बसलात का, खाण्याचे हाल झाले का. फुजी पाहिला, ट्रेनमध्ये बसलो, आणि लेक राहतो त्या निशी-कासाई भागात आपली इतकी माणसं आहेत की खाण्याचे हाल वगैरे काही झाले नाहीत. पण मला जे सांगायचं होतं ते कोणी विचारलंच नाही, म्हणून इथे लिहिते. विषय आहे जपानी संगीत. थांबा, लगेच पान बंद करू नका! मीही आधी तेच केलं होतं.

झालं असं. आमची नात तिथल्या सरकारी शाळेत जाते. आपल्याकडची सातवी म्हणा. एका संध्याकाळी तिने हौसेने लॅपटॉपवर काहीतरी लावलं. "आजी, हे आमच्या पुस्तकात आहे. हजार वर्षांपूर्वीचं आहे." राजदरबारचं संगीत, नाव गागाकु. आधी एक बासरी, मग सनईसारखं काहीतरी किंचाळलं, मग मागून एक लांबच लांब धूसर आवाज, आणि बऱ्याच वेळाने ढोलाचा एक ठोका. मी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अगं, यांची वाद्यं लावून झाली की सांग, मग येते." आमचे हे हसले, लेक हसला. नात हसली नाही. तिने गुपचूप लॅपटॉप मिटला.

चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला पोराचा चेहरा वाचता येतो. मला कळलं की आपण चुकलो. पण काय चुकलं ते कळायला पुढचे पंधरा दिवस जावे लागले.

तिच्या शाळेत पालकांनी येऊन तास बघायचा असा एक दिवस असतो. आम्ही दोघं गेलो. इतकी वर्षं फळ्याकडे पाठ करून उभी राहिलेली मी पहिल्यांदाच मागच्या भिंतीला टेकून उभी होते. तास संगीताचा होता. चार-चार मुलांत एक कोतो. कोतो म्हणजे साधारण सहा फूट लांबीचं, जमिनीवर आडवं ठेवायचं तंतुवाद्य. तेरा तारा, प्रत्येक तारेखाली एक सुटी घोडी. घोडी सरकवली की सूर बदलतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालून वाजवतात. मुलं 'साकुरा साकुरा' शिकत होती, चेरीच्या फुलांचं जुनं गाणं.

आमच्या नातीची पाळी आली. तिच्या बाईंनी तिला तीनदा थांबवलं. सूर चुकला म्हणून नव्हे, तर ती घाईने पुढे जात होती म्हणून. घरी येताना मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "आजी, तार सोडल्यावर आवाज हळूहळू जातो ना, तो जाईपर्यंत पण गाणं चालूच असतं. सेन्सेई म्हणतात, तेच वाजवायला अवघड."

त्या रात्री मी तिला म्हटलं, "ते परवाचं लाव बघू परत." तिने लावलं. या वेळी मी ढोलाच्या दोन ठोक्यांमधली जागा ऐकली. मंडळी, खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला.

या जागेला जपानीत 'मा' म्हणतात. नातीने मला ते अक्षर काढून दाखवलं. दाराच्या चौकटीत सूर्य. दोन फळ्यांमधून उजेड यावा तसं. ही जागा रिकामी नसते, वाट बघणारी असते. नो नावाच्या नाटकात तीन प्रकारचे ढोल आणि एक बासरी असते. ढोल वाजवणारे दोन थापांच्या मधे 'यो', 'हो' अशा आरोळ्या देतात. मला आधी वाटलं, नटाला प्रोत्साहन देत असतील. तसं नाही. ती मधली जागा मोजायची आणि एकमेकांना सांगायची ती रीत आहे.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पोताची. आपण सूर शुद्ध, गोल, स्वच्छ हवा म्हणतो. तिथे शाकुहाची नावाची बांबूची बासरी वाजवताना फुंकरीचा आवाज लपवत नाहीत, तो संगीताचाच भाग असतो. शामिसेन हे तीन तारांचं वाद्य. त्याच्या सगळ्यात जाड तारेला वरच्या टोकाला मुद्दाम आधार देत नाहीत. ती लाकडाला पुसटशी घासते आणि एक गुणगुण उठते. त्या गुणगुणीला 'सावारी' म्हणतात, म्हणजे स्पर्श. हे वाचून दाखवल्यावर आमचे हे ताडकन उठून बसले. "अहो, ही तर जवारी!" खरंच की. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तो याचसाठी ना? ज्या गुणगुणीशिवाय आपल्याला तंबोरा मेल्यासारखा वाटतो, तीच गुणगुण दुसऱ्याच्या वाद्यात ऐकली की आपण तिला खरखर म्हणतो.

आता सूर. ह्यांनी पेटीवर बोटं फिरवून बरंच शोधलं. 'साकुरा'चे पाच सूर म्हणजे सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपली गुणकली! त्यांच्या लोकगीतांत पुष्कळदा सापडतात ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे सूर. दरबारी संगीतातली एक पंचस्वरी दुर्गाची. हे दोन दिवस हवेतच होते. मग नातीनेच त्यांना जमिनीवर आणलं. "आजोबा, सूर तेच आहेत, पण ते राग नाहीत." बरोबर आहे. तिथे वादी-संवादी नाही, आलाप-ताना नाहीत, आणि रंगात आलं म्हणून वाढवणं नाही. बंदिश गुरूने दिली तशीच वाजवायची. लयीचा मात्र एक मोठा नियम आहे, जो-हा-क्यू. सुरुवात संथ, मग मोडून पुढे सरकणं, मग वेग. आपलं विलंबित-मध्य-द्रुत आठवतं, पण ते लोक हा नियम अख्ख्या दिवसाच्या नाट्यप्रयोगांनाही लावतात आणि एका पावलालाही. आणखी एक फरक. पाश्चात्त्यांसारखे सुरांचे थर ते फारसे रचत नाहीत. सगळे एकच चाल वाजवतात, पण जो तो आपापल्या वाद्याच्या स्वभावाने, थोडी पुढेमागे. किंचाळल्यासारखी वाटलेली ती सनई म्हणजे हिचिरिकी. मागचा धूसर आवाज 'शो' नावाच्या वाद्याचा. सतरा बांबूच्या नळ्यांचा जुडगा, श्वास सोडतानाही वाजतो आणि घेतानाही, त्यामुळे खंड पडत नाही. आत दमट होऊ नये म्हणून वादक तो निखाऱ्यावर शेकतात. आणि हो, माझा तो खवचट शेरा! गागाकुची रचना सुरू होण्याआधी तिचे सूर कानात बसावेत म्हणून एक छोटा तुकडा वाजवतात, त्याला नेतोरी म्हणतात. म्हणजे वाद्यं लावणंच म्हणा. शेरा अर्धा बरोबर निघाला, पण लाज पूर्ण वाटली.

लाज वाटायला आणखी एक कारण आहे. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू चीनमार्गे ७३६ साली जपानला पोचला. नारा इथल्या तोदाइजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली उघडले ते त्याच्या हातून, आणि त्या सोहळ्यात नाना देशांचं संगीत आणि नृत्य झालं. गागाकुतली काही नृत्यं बोधिसेन आणि त्याच्याबरोबर आलेल्या चंपा देशाच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामकडच्या, भिक्षूने आणली असं परंपरा मानते. नाराच्या शोसोइन भांडारात पाच तारांची शिंपल्याच्या नक्षीची एक बिवा जपून ठेवलेली आहे. या वाद्याचं मूळ भारतातलं समजतात. इतकी जुनी पाच तारांची बिवा जगात दुसरी उरलेली नाही. आपली सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली आणि तिच्या हातात वीणेऐवजी बिवा आली. बौद्ध मंत्रपठणाला तिथे शोम्यो म्हणतात. तो शब्दसुद्धा आपल्या 'शब्दविद्ये'चं भाषांतर.

आता मुद्द्याकडे येते. बाकीची माहिती तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

जपानी संगीताचे जे प्रकार आहेत ते बघताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक प्रकाराला एक मालक होता. गागाकु दरबाराचं. नो सामुरायांच्या आश्रयाचं. बिवावर हेइके घराण्याच्या लढाईची कथा गाणारे अंध भिक्षू. शाकुहाची कोमुसो नावाच्या भिक्षूंची, जे डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून चेहरा झाकत आणि वाजवत फिरत. कोतो आणि शामिसेन बऱ्याच अंशी अंधांच्या संघाकडे. कोतोचा मोठा गुरू यात्सुहाशी केंग्यो (१६१४-१६८५) हाही अंधच. 'रोकुदान', म्हणजे सहा खंड, ही कोतोची सगळ्यात गाजलेली रचना त्याचीच समजतात. शामिसेन काबुकीत होतं, ओसाकाच्या बाहुल्यांच्या नाटकातही होतं. तिथे एकच गायक, तायू, राजाचा, बाईचा, पोराचा, सगळ्यांचे आवाज काढून कथा सांगतो. ताकेमोतो गिदायू याने १६८४ मध्ये ओसाकाला त्यासाठी थिएटर काढलं. आणि या सगळ्यांच्या खाली कोळ्यांची, शेतकऱ्यांची, भात कांडणाऱ्यांची लोकगीतं, मिन्यो. होक्काइदोच्या कोळ्यांचं 'सोरान बुशी' तर आमच्या नातीच्या शाळेत नाचतात.

मग मेइजी काळ आला आणि १८७१ हे एकच वर्ष बघा. त्या वर्षी सरकारने कोमुसो भिक्षूंचा पंथ बंद केला आणि अंधांचा संघही मोडीत काढला. लोक कसेबसे तगले, कला दुसऱ्यांना शिकवू लागले. इथपर्यंत ठीक. वाद्यं बाहेरच्या लोकांना खुली झाली, हे चांगलंच झालं. खरा घाव नंतर बसला, आणि तो शाळेत बसला.

१८७९ मध्ये शिक्षण खात्याने संगीतासाठी एक विभाग काढला. त्याचा प्रमुख इसावा शूजी, अमेरिकेत शिकून आलेला. त्याने पुढच्या वर्षी बॉस्टनहून ल्यूथर मेसन या संगीतशिक्षकाला बोलावलं. दोघांनी मिळून शाळेसाठी गाण्यांचं पहिलं पुस्तक तयार केलं, त्यावर साल १८८१ आहे. पुष्कळ चाली पाश्चात्त्य, शब्द जपानी. एका स्कॉटिश चालीवरचं काजव्यांचं गाणं तर शाळेच्या निरोप समारंभात पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. पुढे ज्या नव्या चाली झाल्या त्या बऱ्याचशा पाश्चात्त्य स्वरसप्तकातून म आणि नी काढून. हे म्हणाले, "म-नी वर्ज्य? म्हणजे भूप." तर सगळा देश भूपाच्या सुरांत वाढला, आणि गुणकली शाळेबाहेर राहिली.

इसावाला मी खलनायक करणार नाही. त्याला पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ घालायचा होता. आणि मी शिक्षिका आहे, त्याची अडचण मला कळते. कोतोची लिपी वेगळी, शाकुहाचीची वेगळी, शामिसेनची वेगळी, शिकवणं एकास एक, गुरूच्या समोर बसून. साठ पोरांच्या वर्गात हे कसं चालवायचं? शिवाय शामिसेन म्हटलं की सभ्य लोकांना रंगमहाल आठवायचे. पेटी-पियानो सोपा पडला. पण सोपं पडलं म्हणून आपण जे बाजूला ठेवतो ते नंतर आपोआप परत येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. दरबारच्या वादकांनाही पाश्चात्त्य वाद्यं शिकावी लागली. आजही गागाकु वाजवणारेच राजवाड्याच्या मेजवानीत पाश्चात्त्य संगीत वाजवतात.

परिणाम काय झाला? लेक मला एका सीडीच्या दुकानात घेऊन गेला. तिथे 'होगाकु' अशी पाटी होती. होगाकु म्हणजे देशी संगीत, मी पुस्तकात वाचलेला शब्द. आनंदाने गेले, तर सगळी गिटारवाली पोरं! आता होगाकु म्हणजे जपानी पॉप. कोतो-शाकुहाची शोधायला मागच्या कोपऱ्यात जावं लागलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ आणि मी.

कोणी म्हणेल, बाई, काही मेलेलं तर नाही ना? बरोबर. गागाकु २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. घराणी आहेत, त्यांचे प्रमुख आहेत, त्यांना इएमोतो म्हणतात. ताकेमित्सु तोरू या संगीतकाराने १९६७ मध्ये बिवा आणि शाकुहाची न्यूयॉर्कच्या मोठ्या वाद्यवृंदासमोर बसवली आणि जगाने वाहवा केली. मान्य. काही दोष घराण्यांचाही आहे. विद्या मुठीत धरली, नाव मिळवायचं तर पैसे मोजा, असं चालत आलं. पण माझं मत असं आहे की यादीत नाव असणं हे औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावण्यासारखं आहे. संगीत जगतं ते कानांवर, आणि कान तयार होतो लहानपणी. जपानने वाजवणारे जपले, पण शाळेत ऐकणारे घडवायचे थांबवले. वाजवणारा थोड्या प्रयत्नाने तयार करता येतो. ऐकणाऱ्यांची एक पिढी गेली की पुढच्या पिढीला ते परकं वाटतं, आणि परकं वाटलं की माणूस माझ्यासारखं बोलतो, वाद्यं लावून झाली की सांगा.

म्हणूनच मला त्या कोतोच्या तासाचं इतकं मोल वाटलं. २००२ पासून त्यांच्या मिडल स्कूलच्या अभ्यासक्रमात नियम आहे, तीन वर्षांत किमान एक जपानी वाद्य मुलांनी हाताळलंच पाहिजे. १८८१च्या पुस्तकापासून मोजलं तर वाद्य मुलांच्या हातात यायला एकशेवीस वर्षं लागली म्हणायची. काही तास, चौघांत एक कोतो. हे पुरेसं आहे का? मुळीच नाही. त्यातून वादक निघणार नाहीत. पण परदेशातून आलेल्या एका मराठी पोरीला तार सोडल्यावर थांबायचं असतं हे कळलं, आणि तिने ते आपल्या आजीला शिकवलं. अभ्यासक्रमाने याहून जास्त काय करायचं?

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला जड जातंय. मी मराठी आणि इतिहास शिकवायचे. दहावीचा वर्ग असला की पोर्शन संपायचा नाही. आमच्या शाळेत संगीताला आठवड्यातून एक तास होता. पेटी घेऊन येणारे सर अतिशय गरीब स्वभावाचे. किती वेळा मी दारात उभी राहून म्हटलं असेल, "सर, आजचा तास मला द्याल का? इतिहास राहिलाय." ते एकदाही नाही म्हणाले नाहीत. पेटी उचलायचे आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसायचे. मी त्या तासात पहिलं महायुद्ध शिकवलं, दुसरं शिकवलं, मुलं पास झाली. त्यांच्यातल्या किती जणांचे कान मी बंद करून टाकले, याचा हिशेब माझ्याकडे नाही. इसावाला निदान देश उभा करायचा होता. मला फक्त पोर्शन संपवायचा होता.

सर आता नाहीत. असते तर फोन करून माफी मागितली असती. ते नाहीत, म्हणून इथे लिहिते. माझ्या माजी विद्यार्थिनींपैकी दोघी-तिघी आता शिक्षिका आहेत आणि हा ब्लॉग वाचतात. पोरींनो, पोर्शन कसाही संपतो. तो तास घेऊ नका.

परवा नातीचा व्हिडिओ कॉल आला होता. तिने तोच तुकडा वाजवून दाखवला. मधे तार सोडून ती थांबली, तर ह्यांना वाटलं नेट गेलं. "हॅलो, हॅलो" सुरू केलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "गप्प बसा, वाजवतेय ती."

असो. तुमच्या शाळेत संगीताचा तास होता का? आणि तो कोण खात होतं? जरूर लिहा.